डेल्बर्ट टेकडी चढतोय

— अंड्यांत मोहरी जास्त झालीय.

— आजीला निळी फुलं नकोत. निळा रंग तिला डोळ्यांसमोर चालत नसे.

— नॅशव्हिलची गाडी खालीच लावू दे, वर चाक रुतेल.

— स्वतःच्या कबरीवरचं गवत स्वतः कापणारी बाई पाहिलीय कुणी?

— कोंबडी झाका. माश्या.

— शेवटच्या कडव्यात मी खोटं बोलले. पहिल्यातही.

— खाली कोण ते? काठी घेऊन?

(केंटकीच्या डोंगरातली एक टेकडी, वर घराण्याच्या कबरी. मे महिना, कबरी सजवायचा आणि तिथेच सगळ्यांनी मिळून जेवायचा रविवार. कुंपणाशी दोन बहिणी: अडुसष्ट वर्षांची गायिका ओरलीन आणि तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी टेम्पी.)

टेम्पी: डेल्बर्ट. एवढ्या सावकाश दुसरं कोण चढतं.

ओरलीन: डेल्बर्ट कोम्ब्ज?

टेम्पी: खोऱ्यात आता एकच डेल्बर्ट उरलाय. बस खाली, पांढरी पडलीस.

ओरलीन: तू फोनवर म्हणालीस, त्याचे गुडघे गेलेत.

टेम्पी: गेलेत. म्हणून तर काठी.

ओरलीन: आणि दुसऱ्या हातात काय आहे?

टेम्पी: फडक्यात काहीतरी बांधलंय. बंदूक असती तर इथूनही दिसली असती.

ओरलीन: चेष्टा नको, टेम्पी.

टेम्पी: चेष्टा मी करते होय? चाळीस वर्षं सगळा देश गातोय, टेम्पी नावाच्या पोरीला डेल्बर्टने नादी लावून वाऱ्यावर सोडलं, मग तिने पुराच्या पाण्यात पुलावरून उडी घेतली. आणि मी डेटनला फ्रिजच्या कारखान्यात दारं बसवत होते. जेवणाच्या सुट्टीत रेडिओवर माझंच मरण लागायचं. शेजारची बाई रडायची. मी तिला रुमाल द्यायचे.

ओरलीन: फ्रिजची दारं बसवणाऱ्या मुलीवर गाणं होत नाही गं. आजी म्हणायची त्या गाण्यांतली एक तरी मुलगी जगली का? कुणी नदीत, कुणी विहिरीत, कुणी यार म्हणवणाऱ्याच्या सुरीने. मी नॅशव्हिलला हॉटेलात बशा घासत होते. तीन वर्षांत माझं एक गाणं कुणी घेतलं नव्हतं. तेवढ्यात बाबांचं पत्र आलं, की टेम्पी न सांगता घरातून निघून गेली, आमच्या लेखी ती मेली. खरकट्या पाण्यात कोपरापर्यंत हात होते माझे, आणि चाल आली. हात पुसायच्या आत दोन कडवी झाली.

टेम्पी: माझं नाव घातलंस, ते मी कधीच सोडून दिलं. पण डेल्बर्टसाठी रडत मेले? तो आपल्या ओसरीवर चारदा बसला असेल, तेही बाबांच्या कुत्र्याशी खेळायला.

ओरलीन: त्याचं नाव चालीत बसलं.

टेम्पी: एवढंच?

ओरलीन: एवढंच. त्या एवढ्याशावर दोन नवरे पोसले, चार बसगाड्या घेतल्या, एकोणीस तबकड्या काढल्या.

टेम्पी: आणि आमच्या कुत्र्याचं सोनं झालं. लोक लांबून येतात माझी कबर बघायला. तो कडेचा बिननावाचा दगड दिसला की गुडघे टेकतात, त्याच्यावर गिटारच्या नख्या ठेवतात. आपला कुत्रा रेंजर पुरलाय तिथे. एका बाईने तर त्याच्यासाठी गुलाब आणले होते. मी बाजूला गवत कापत होते. ती मला म्हणाली, तुम्ही ओळखत होतात का बिचारीला? म्हटलं, थोडीफार.

ओरलीन: कुठवर आला?

टेम्पी: पहिल्या वळणावर टेकलाय. अजून दोनदा टेकेल. तुझ्याकडे वेळ आहे.

ओरलीन: जेवणानंतर ते गाणं म्हण, असं चर्चच्या अमॉस ब्रदरनी सांगितलंय. मी काय बोलून बसले माहीत आहे? डेल्बर्ट हो म्हणाला तर म्हणते. तो वर येऊच शकणार नाही, या भरवशावर.

टेम्पी: भित्रीच राहिलीस.

ओरलीन: त्याच्या आईचं पत्र आलं होतं मला. गाणं अगदी भरात होतं तेव्हा. तिने लिहिलं होतं, माझा मुलगा आता दुकानात जात नाही, पीठ मीठ मीच आणते, त्याने तुमचं काय वाईट केलं होतं तेवढं कळवा. मी उत्तर दिलं नाही. काय कळवणार होते? चालीत बसला म्हणून? पत्र गिटारच्या पेटीत ठेवलं आणि रोज संध्याकाळी गाणं म्हणत राहिले. सत्तावीस वर्षं.

टेम्पी: मग का सोडलंस?

ओरलीन: ओहायोत कार्यक्रम संपल्यावर एक जण सही घ्यायला आला. छाती फुगवून म्हणाला, मी खास तुमच्या गावाला जाऊन त्या डेल्बर्टच्या दारावर थुंकून आलो. त्याला वाटलं मला आनंद होईल. त्यानंतर ते गाणं तोंडातून आलं नाही. आणि नवीनही एकही सुचलं नाही, अकरा वर्षं. लोक पैसे परत मागायचे. मी म्हणायचे, द्या.

टेम्पी: हे मला नाताळच्या कार्डात कधी लिहिलं नाहीस.

ओरलीन: कार्डात जागा कुठे असते.

टेम्पी: दुसऱ्या वळणावर आलाय. आज टोपी घातलीय त्याने. चांगली, चर्चची.

ओरलीन: मागून एक वाट होती ना? ओढ्याकडे उतरणारी?

टेम्पी: आहे. काटे आहेत, खाजरी वेल आहे, तुझे पाय तीन आठवडे सुजतील. जा खुशाल. बाबांना पुरलं तेव्हा जी खाली उतरलीस ती तेहतीस वर्षांनी आज आलीस. त्यांच्या कबरीवर फूल न ठेवता परत जा.

ओरलीन: तो नाही म्हणाला तर मी कुणासमोर गाणार नाही, टेम्पी. हे नाही आणि दुसरंही नाही. ठरवून आलेय.

टेम्पी: मग त्याच्याकडे बघून विचार. आला बघ. डेल्बर्ट, इकडे, सावलीत ये.

डेल्बर्ट: पाणी.

टेम्पी: घे. हळू. ही ओरलीन.

डेल्बर्ट: ओळखलं. रेडिओवर उंच वाटायचीस.

ओरलीन: डेल्बर्ट, मला एक बोलायचंय. आधी मला बोलू दे. तू कुणाला फसवलं नव्हतंस. ते मला तेव्हाही माहीत होतं. तुझ्या आईने मला पत्र...

डेल्बर्ट: माहीत आहे. शाईची दौत मीच तिच्यापुढे ठेवली होती.

ओरलीन: मी उत्तर दिलं नाही.

डेल्बर्ट: नाही दिलंस. ती पोस्टमनची वाट बघायची. दोन वर्षं वाईट गेली, खोटं कशाला बोलू. दुकानात शिरलो की लोक गप्प व्हायचे. खाणीतल्या कामावर एकाने माझ्या डब्यात चिखल भरला.

ओरलीन: मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही.

डेल्बर्ट: थांब. दम लागलाय, मला एका दमात सांगता येत नाही. तिसऱ्या वर्षी मला एक पत्र आलं. नॉक्सव्हिलहून, नऊ पानी. कुणी मोझेल नावाची मुलगी. मी नीच, मी साप, पुरुषाच्या जातीला कलंक. अक्षर फार सुरेख. आईने वाचलं, म्हणाली, हिला तरी उत्तर दे. मी लिहिलं, बाई, ती मुलगी जिवंत आहे, हा तिचा डेटनचा पत्ता, खात्री करून घ्या.

ओरलीन: टेम्पीचा पत्ता?

टेम्पी: माझ्याकडे बघू नकोस. आलं होतं मला तिचं पत्र. मी कळवलं, मी धडधाकट आहे, डेल्बर्ट माणूस सरळ आहे, खोट एकच, चालतो हळू.

डेल्बर्ट: तिने मला माफीचं पत्र पाठवलं. तेही नऊ पानी. मग मी. मग ती. पुढच्या वसंतात लग्न केलं. छत्तीस वर्षं झाली. तीन मुली आहेत. ती बघ, त्या ओकखाली, पिवळा झगा. बटाट्याचं सॅलड तिचं आहे, मीठ कमी असेल.

ओरलीन: टेम्पी, तुला हे सगळं माहीत होतं.

टेम्पी: तू कधी विचारलंस?

ओरलीन: मी आत्ता इथे तासभर मरत होते.

टेम्पी: मी चाळीस वर्षं मेलेली आहे. तुला एक तास जड नाही. राग होता मला, ओरली. राहू दिला. आज संपला बहुतेक.

ओरलीन: आणि तो माणूस? दारावर थुंकला तो?

डेल्बर्ट: हो, तो. मोझेलने दार उघडलं. त्याला आधी फडकं दिलं पुसायला, मग केक दिला. दोन तुकडे खाऊन गेला. मी आतच होतो.

ओरलीन: त्याच्यापायी मी अकरा वर्षं ते गाणं म्हटलं नाही.

डेल्बर्ट: असं? आम्हाला वाटलं, घसा गेला. मोझेल प्रार्थना करायची तुझ्या घशासाठी.

ओरलीन: मी नाव बदलते. गाण्यातलं. काहीतरी दुसरं बसवते.

डेल्बर्ट: नको. नातवंडं विचारतात, तुम्ही दोघं कसे भेटलात. मग काय सांगू?

ओरलीन: म्हणजे म्हणू?

डेल्बर्ट: त्यासाठीच चढलो. शेवटचं कडवं सावकाश घे, मोझेलला तिथे रडायला वेळ लागतो. आणि हे धर. सुक्या सफरचंदाचा केक आहे, तिनेच केलाय. सात थरांचा. चढताना थोडा कलंडला असेल.

टेम्पी: बघ आता, ही रडायला लागली. स्वतःच्या गाण्याला कधी रडली नाही, केकला रडते. डेल्बर्ट, तू टेक इथे. ओरलीन, नाक पूस, अमॉस ब्रदर बघतायत.

ओरलीन: या गाण्याचा सूर कुठे लागेल कोण जाणे. अकरा वर्षं झाली.

टेम्पी: कुठेही लाव. इथे निम्मे जमिनीखाली आहेत, उरलेल्यांना ऐकू कमी येतं.

ओरलीन: आणखी काही आहे का, जे मला ठाऊक नाही? असेल तर आत्ताच सांग, गाताना नको.

टेम्पी: घर सोडलं त्या सकाळी बसपर्यंत माझी कपड्यांची पेटी डेल्बर्टने उचलली होती. दोन मैल. पाऊस नव्हता, पूरही नव्हता.