गाडी स्वस्तच होती!

...नाही, नाही, गाडी स्वस्तच होती! गाडीबद्दल माझी काही तक्रारच नाही. पाच हजार फक्त! आपले बेटावरचे डॉलर हं, अमेरिकी नव्हेत. तुम्हाला सांगतो, पाच हजारांत आमच्याकडे दोन बऱ्यापैकी गाई येतात, आणि गाईला नंबरप्लेट लागत नाही!

आता मला, अल्बन सेंट बर्नार्डला, एकतीस वर्षं टपाल वाटत हा डोंगर पायी चढलेल्या माणसाला, गाडी कशाला हवी होती? नकोच होती! पण आमची बायको, थेरेसिना... दर शनिवारी नीरफणस, अळूची पानं, केळी अशा तीन टोपल्या घेऊन बसमध्ये कोंबली जाणार, एक टोपली मांडीवर, एक पायाशी, एक दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर, आणि बाजारातून आली की संध्याकाळभर खांदा धरून बसणार. तर निवृत्तीचे पैसे हातात पडले त्या दिवशी मी बोलून गेलो, "थेरेसिना, साठीच्या वाढदिवसाआधी तू स्वतःच्या गाडीतून बाजारात जाशील!" भावनेच्या भरात माणसानं रडावं, गावं, फार तर शेजाऱ्याला मिठी मारावी... वचन देऊ नये!

त्यात आमचा मावसभाऊ क्लॉडियस. याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो आणि जबाबदारी एकाही गोष्टीची नसते. नाकासमोर फोन नाचवत म्हणतो, "दादा, इथल्या दुकानातून गाडी घेतो तो गाढव! जपानात लोक चपला बदलाव्या तशा गाड्या बदलतात. ही बघ, पांढरी, बारा वर्षांची, पाच हजार! बटण दाबायचं की गाडी बोटीत!"

दाबलं. याच बोटानं दाबलं!

मग कळलं, गाडी पोहत येत नाही. बोटीचं भाडं पावणेपाच हजार. गाडीएवढंच गाडीचं तिकीट! वर बुडाली तर म्हणून विमा. म्हटलं, चला, दहा हजारांत काम झालं, गाडी स्वस्तच होती!

अडीच महिने वाट पाहिली. थेरेसिना रोज विचारणार, "कुठवर आली रे तुझी गाडी?"

"पनामाजवळ."

"काल पण पनामाजवळच होती."

"अगं, कालव्यात रांग आहे."

"आमची बस नाही थांबत इतकी."

शेवटी आली एकदाची! बंदरातून सोडवायला दलाल गाठला, मिस्टर लासेल्स. आवाज असा मऊ, की डॉक्टर वाईट बातमी सांगताना काढतात ना, तसा. "मिस्टर सेंट बर्नार्ड, बसा." अशा आवाजात कुणी 'बसा' म्हणालं ना, की उठून पळावं! मी बसलो.

"गाडीवर जकात."

म्हटलं, हरकत नाही, सरकारलाही पोट आहे.

"गाडीच्या किमतीवर, अधिक बोटीच्या भाड्यावर, अधिक विम्यावर."

"अहो, भाड्यावर कसली जकात? भाडं काय मी घरी आणून दारात उभं करणार आहे?"

"आणि हे सगळं अधिक जकात, त्या बेरजेवर विक्रीकर."

"कराला कर?"

"हो. शिवाय गाडी जुनी, म्हणून पर्यावरणाचा वेगळा."

"अहो, नवी परवडत नाही म्हणून तर जुनी घेतली!"

"म्हणूनच."

तुम्हाला सांगतो, 'म्हणूनच' हा शब्द इतक्या मायेनं उच्चारलेला मी जन्मात ऐकला नव्हता...

मग जकातीच्या खिडकीत मिस ग्लेनिस. चष्मा नाकाच्या टोकावर, त्यावरून माझ्याकडे बघते, पावतीकडे बघते, परत माझ्याकडे. "पाच हजार? एवढ्यात ही गाडी मिळत नाही."

"बाई, मिळाली! पावती तुमच्या हातात आहे!"

"पावती तुमची, पुस्तक आमचं. पुस्तकात आठ हजार लिहिलेत."

"पण मला स्वस्तात मिळाली ना!"

"अभिनंदन. कर आठ हजारांवर."

म्हणजे बघा, गाडी स्वस्त होती हाच माझा गुन्हा!

एवढ्यावर संपलं? कसलं! बाईनं बोटीचा कागद उचलला. माझ्या ओळखपत्रावर आडनावातला 'सेंट' इंग्रजीत दोनच अक्षरांत, 'St.' असा तोडून लिहिलेला, आणि जपानी माणूस सभ्य, त्यानं पाहुण्याचा मान राखून पूर्ण 'Saint' लिहिला. मिस ग्लेनिस म्हणते, "ही दोन माणसं आहेत."

"बाई, संत एकच आहे, एकीकडे थोडा आखडलाय!"

हसली नाही. वकिलाकडे पाठवलं. तिथे अडीचशे डॉलर मोजून, बायबलवर हात ठेवून मी शपथ घेतली, की तो संत मीच! थेरेसिना बाहेर बाकावर बसली होती. मला बघून म्हणते कशी, "बायबलवर हात ठेवून खोटं बोललास ना? देव बघतोय, अल्बन."

कागद घेऊन धावत बंदरावर आलो, तर फाटकाला कुलूप. कार्निव्हल! सगळं बेट अंगाला काळं तेल फासून, सैतानाची शिंगं लावून, साखळ्या वाजवत नाचतंय, आणि मी एकटा जाळीला नाक लावून माझ्या पांढऱ्या गाडीकडे बघतोय. कारण बंदर बंद असतं, पण गाडी उभी करण्याचं भाडं चालू असतं! माणसं सुट्टीवर, भाडं कामावर! चार दिवस! अहो, चार दिवसांत त्या गाडीनं जेवढं भाडं खाल्लं तेवढ्यात मी लग्नानंतरची दोन वर्षं काढली होती...

पाचव्या दिवशी खिडकीत सगळा हिशोब मांडला. दोन बोकड विकले होते, क्लॉडियसकडे उसने मागितले होते, तर तो नेमका त्याच आठवड्यात आजारी पडला होता. अकराशे कमी! आणि तुम्हाला सांगतो, मी तिथे उभा, मागे रांग, वाढदिवस तीन दिवसांवर... आणि बाजूनं थेरेसिनाचा हात आला, हातात गाठ मारलेला रुमाल. भिशीचे पैसे. वर्षभर कवळीसाठी साठवलेले.

मी म्हटलं, "अगं, हे तुझ्या दातांचे!"

"दात तर गेलेच आहेत. तुझी अब्रू अजून थोडी शिल्लक आहे. भर."

मी भरले. मिस ग्लेनिसनं पहिल्यांदाच चष्मा काढला, पुसला, आणि शिक्का मारला. सगळे मिळून एकवीस हजार चारशे! गाडी? गाडी स्वस्तच होती हो!

पण त्या शनिवारी... काय सांगू! मी कोट घातलेला, थेरेसिना चर्चच्या टोपीत, टोपल्या मागच्या सीटवर राणीसारख्या. चावी फिरवली तर गाडी जपानीत काहीतरी गोड बोलली, थेरेसिनानं तिला "गुड मॉर्निंग, डार्लिंग" म्हटलं, आणि त्यानंतर बाजारापर्यंत कुणीच काही बोललं नाही. पाऊण तास! मी म्हटलं, "खांदा कसा आहे?" "बरा आहे." झालं. पुढच्या शनिवारी तेच. मी म्हटलं, "आज ऊन आहे." ती म्हणाली, "दिसतंय."

तिसऱ्या शनिवारी तिनं टोपल्या गाडीत ठेवल्या, दार लावलं, आणि बसथांब्याकडे चालायला लागली!

"अगं, कुठे?"

"बसनं."

"एकवीस हजारांची गाडी दारात असताना?"

"मिस्टर सेंट बर्नार्ड," रागावली की मला अहो-जाहो करते, "तुमची गाडी चांगली आहे. टोपल्यांना फार आवडते. पण गेल्या पंधरवड्यात कोण मेलं, कोण पळालं, कुणाची सून परत आली, मला काही म्हणजे काही माहीत नाही! चाळीस वर्षं तुमच्याशी घरात बोलतेय, आता रस्त्यातही तुमच्याशीच बोलू?"

तेव्हापासून दर शनिवारी पुढे बस, बसमध्ये बायकांचा हा हलकल्लोळ, त्यात सगळ्यात मोठ्यानं हसणारी आमची थेरेसिना, आणि मागे मी, कोट घालून, नीरफणसांना घेऊन.

परवा तर बस चढावर अचानक थांबली. ड्रायव्हर बॉयझी उतरला, माझ्या काचेवर टकटक केली. म्हटलं, शेवटी आली माझी आठवण! म्हणालो, "काय, मिसेस येतेय का इकडे?"

"नाही हो, काका," म्हणाला. "त्यांनी निरोप दिलाय, वळणावर जरा हळू घ्या... मागे पिकलेली केळी आहेत."