चारचा गजर

फोन रिसेट करायचा म्हटलं की मी आता गिऱ्हाइकाला दहादा विचारतो. पवनीत आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तलावावर मासे धरणारे एक काका हँग होणारा फोन घेऊन आले. त्यांचा मुलगा मागच्या वर्षी वारला. मी सगळे फोटो, नंबर कार्डात घेतले आणि रिसेट मारला.

दुसऱ्या दिवशी काका परत आले. "बाबू, फोन मस्त चालून राहिला. पण पहाटे गजर वाजला नाही."

"लावून देतो काका. रिंग कोणती होती?"

"रिंग नाही रे, पोराचा आवाज होता. 'बाबा, उठा, जाळं काढाले चला.'"

मी कार्ड तपासलं. आवाज नव्हता. रिसेटमध्ये तो पुसला गेला होता.

"राहू दे, मीच सांगतलं नाही. साधी घंटी लाव."

"किती वाजताची?"

"चारची. तो चारलेच उठवे."