दोन मात्रा जास्त

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ऑपेराचे दिग्दर्शक, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या गायिका, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाई, आणि चहाच्या आशेवर तग धरून बसलेल्या रसिकहो,

बाई या रंगमंचावर एकतीस वर्षं गायल्या. मग शेवटच्या भूमिकेत आपण त्यांना काय दिलं? सात वर्षं तोंड न उघडणारी नायिका. तीन अंक त्या खिडकीपाशी लोकर विणत बसल्या आणि बाकीचे गायले. अध्यक्षांच्या मते हाच बाईंना साजेसा निरोप होता.

मूळ कथा मध्ययुगीन इटलीतली. व्यापारी समुद्रावर जातो, परतत नाही. गावातले प्रतिष्ठित त्याच्या बायकोच्या दारात घिरट्या घालतात आणि ती एकेकाला असं सुनावते, की पुन्हा कोणी त्या गल्लीत फिरकत नाही. होय, सुनावते. मग आपली नायिका गप्प का?

अध्यक्ष कामात असतात, म्हणून मी त्यांना अर्ध्या पानाचा सारांश लिहून दिला होता. पूर्ण कथा त्यांनी अजून वाचलेली नाही; वाचली की म्हणे प्रतिभेला बाधा येते. त्या सारांशात मला लिहायचं होतं, ‘सात वर्षं ती मान राखून राहिली.’ लिहिलं गेलं, ‘मौन राखून राहिली.’ गाण्यात दोन मात्रा जास्त झाल्या तर वादक लगेच थांबतात. लिहिण्यात झाल्या तर नवा ऑपेरा उभा राहतो.

चूक कळताच मी त्यांच्या खोलीत धावलो. मी काही बोलण्याआधीच त्यांनी मला मिठी मारली. या मौनातच सगळं आहे, लेखकाला कथेचं मर्म सापडलं, वगैरे. इतकं कौतुक माझं घरीसुद्धा झालेलं नाही. मी गप्प बसलो आणि तीन अंक लिहून दिले.

पुढे कपडेपटात बाईंनी विचारलं, “लेखक, ती खरंच एकदाही बोलत नाही?”

मी म्हटलं, “मूळ कथेतच तसं आहे, बाई.”

त्यांनी मान डोलावली आणि लोकर उचलली. माझ्या त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात चुकलं ते मात्र घालू नका. बाई, नायिका दारात उभी राहून सुनावते, ते गाणं मी आता लिहिलंय. संगीतकारांनी चाल लावली आहे, वादक पडद्यामागे तयार आहेत आणि कागद तुमच्या समोरच्या फुलांखाली आहे.

अध्यक्ष महोदय, गाणं संपेपर्यंत आपण कृपया मान राखा. किंवा मौन. आज दोन्ही चालेल.