मखरामागचा प्लग

(दिल्ली, मयूर विहार. तळमजल्याचा फ्लॅट. गणपतीचा दुसरा दिवस, सकाळ. उल्हास मागच्या बागेत स्टुलावर उभा, हातात मेंदीचं कुंपण छाटायचं विजेचं मशीन. त्याची बायको अलका स्वयंपाकघराच्या खिडकीत, आई द्वारकाबाई आत देवापाशी.)

उल्हास: पंखा चालू आहे का, तेवढं बघ.

अलका: चालू आहे.

उल्हास: म्हणजे लाइट गेलेली नाही.

अलका: पंखा तर इन्व्हर्टरवरही चालतो. लाइट गेली तरी आपल्याला कुठं कळतं?

उल्हास: मग कळणार कसं?

अलका: गीझरवरून. गीझर इन्व्हर्टरवर नाही. थांबा, बघून येते.

उल्हास: लवकर ये. मी स्टुलावर आहे.

अलका: चढायला कुणी सांगितलं होतं? ... लाल दिवा लागलाय गीझरचा. लाइट आहे.

उल्हास: मग मशीन का बंद पडलं?

अलका: बटण सोडलं असेल तुम्ही.

उल्हास: बिल्कुल नाही. दाबूनच धरलंय.

अलका: अजून? अहो, सोडा आधी! एकदम सुरू झालं म्हणजे?

उल्हास: सोडलं, सोडलं. अरे यार, नवीन मशीन आहे. सकाळी ओट्याजवळच्या प्लगला लावलं, तर दोनदा ट्रिप झालं. म्हणून जागा बदलली, तर आता हे.

अलका: जागा बदलली? कधी?

उल्हास: तू नारळ खवत होतीस तेव्हा.

अलका: आणि आता कुठं लावलंय?

उल्हास: लावलंय एका ठिकाणी. मघापर्यंत छान चालत होतं.

अलका: विष्णू माळी कात्री घेऊन यायचा, गप्पा मारत मारत सगळं कुंपण छाटून जायचा. त्याला नको म्हणालात.

उल्हास: आयुष्यभर मंत्रालयात दुसऱ्यांच्या नोटिंगवर सह्या केल्या, अलका. आता हातानं काहीतरी करू दे.

अलका: करा. पण आधी वायर मशीनला नीट बसलीय का ते बघा.

उल्हास: बसलीय की. ही बघ. इथून निघते, फांद्यांवरून खाली येते आणि... अच्छा.

अलका: काय अच्छा?

उल्हास: इथंच संपते.

अलका: संपते म्हणजे?

उल्हास: म्हणजे हातभर आहे. बाकीची नाहीये. पात्यात आली वाटतं. टोक माझ्या हातात आहे.

अलका: अहो, टोक हातात काय धरताय!

उल्हास: हे मशीनकडचं टोक गं. ह्याच्यात करंट नसतो. नसतो ना?

अलका: मला विचारताय?

उल्हास: नसतो. असता तर मी बोलत नसतो. करंट दुसऱ्या टोकाला.

अलका: आणि ते कुठं आहे?

उल्हास: खाली. गवतात.

अलका: गवतात कुठं?

उल्हास: तेच दिसत नाहीये. वायर हिरवी आहे ना.

अलका: दुकानदार चांगली नारिंगी देत होता. हिरवीच का घेतलीत?

उल्हास: बागेत शोभावी म्हणून.

अलका: शोभतेय अगदी. गवत ओलं आहे का हो?

उल्हास: मीच पाणी घातलं. पाइपनं. धूळ बसावी म्हणून.

अलका: देवा. स्टूल प्लास्टिकचं आहे ना? उतरू नका. मी मेन बंद करते.

उल्हास: कर. हळू जा, घसरू नकोस.

अलका: केला!

उल्हास: पंखा थांबला?

अलका: नाही. फिरतोय.

उल्हास: मग तू दुसराच स्विच पाडलास.

अलका: ज्याच्यावर तुम्ही मोठ्या अक्षरात 'मेन' लिहून ठेवलंय, तोच पाडला.

उल्हास: गीझर?

अलका: गीझरचा दिवा गेला.

उल्हास: मग बरोबर आहे. बाहेरची लाइट बंद झाली, म्हणून घर इन्व्हर्टरवर आलं.

अलका: म्हणजे मी बंद केलं, म्हणून ते सुरू झालं?

उल्हास: तसंच काहीसं.

अलका: मला काही कळत नाहीये. वायरमध्ये आता करंट आहे की नाही?

उल्हास: ते प्लग कुठं आहे त्यावर.

अलका: तेच तर मघापासून विचारतेय. कुठं आहे प्लग?

उल्हास: एक मिनिट, अलका. आई बाहेर येतेय.

अलका: कुठून?

उल्हास: मागच्या दारानं. फुलांचं तबक घेऊन. दूर्वा खुडायला. आई! आई, थांब! पाऊल टाकू नकोस! तिथंच!

अलका: थांबल्या?

उल्हास: थांबली. पण गवतात आलीय. अनवाणी.

अलका: अनवाणीच येणार. सोवळ्यात चपला घालतात का त्या कधी? मला इथून भिंतीमुळं दिसत नाहीत. आई, बऱ्या आहात ना? बोला ना काहीतरी!

उल्हास: बोलेल कशी? देवाला दूर्वा वाहीपर्यंत मौन असतं तिचं.

अलका: आजसुद्धा?

उल्हास: तिला कुठं ठाऊक होतं आज काय आहे ते? आई, ऐक. तुटलेली वायर आहे गवतात. तुला दिसतेय कुठं? ... मान हलवते. नाही म्हणते. चष्मा आत राहिलाय.

अलका: मग आल्या तशाच माघारी जाऊ देत.

उल्हास: वायरपण त्याच दारातून आलीय गं. दारापाशी दिसते, मग गवतात गेली की दिसत नाही. टोक आईच्या पुढं आहे की मागं, तेच कळत नाहीये.

अलका: दारातून? माझ्या खिडकीतून नाही आली? अहो, प्लग कुठं आहे?

उल्हास: हॉलमध्ये.

अलका: हॉलमध्ये कुठं?

उल्हास: मखरामागं.

अलका: गणपतीच्या बोर्डाला कुंपणाचं मशीन लावलंत?

उल्हास: तोच एक कधी ट्रिप होत नाही.

अलका: होईल कसा? गेल्या वर्षी ऐन आरतीत अंधार झाला. आई म्हणाल्या, अपशकुन झाला. लगेच तुम्ही माणूस बोलावून तो बोर्ड इन्व्हर्टरवरून डायरेक्ट करून घेतलात. मधे सेफ्टी स्विचसुद्धा नको म्हणालात.

उल्हास: तो सारखा पडायचा.

अलका: उगाच पडायचा का? आणि आज सकाळी ओट्याजवळचा दोनदा पडला, तो कशासाठी? त्या वायरीतच काहीतरी होतं. तर तुम्ही न पडणारा प्लग शोधलात!

उल्हास: भांडण मागाहून कर. इन्व्हर्टर बंद कर आधी.

अलका: करते. कुठलं बटण?

उल्हास: समोरचं.

अलका: समोर दोन आहेत.

उल्हास: मोठं.

अलका: दोन्ही सारखीच आहेत! एक दाबलं. वाजायला लागलंय.

उल्हास: मखराचे दिवे?

अलका: लुकलुकतायत मजेत.

उल्हास: दुसरं दाब. दाबून धर.

अलका: धरलंय. आता जास्तच वाजतंय. लाल लागला, हिरवापण लागला. नक्की काय चाललंय?

उल्हास: माहीत नाही. सोड ते. प्लगच काढ जाऊन. आणि जरा लवकर, आई वाकलेली आहे.

अलका: वाकलेली कशानं?

उल्हास: दूर्वा खुडायला वाकली आणि मी ओरडलो. तशीच थांबलीय. सरळ होता येईना. तोल जातोय. हात टेकायला बघतेय. आई, हात टेकू नकोस! जमिनीला हात लावू नकोस!

अलका: अहो, मग धरा त्यांना! किती लांब आहेत?

उल्हास: हात पुढं केला तर पोचेल.

अलका: मग करा ना!

उल्हास: केला होता. मागं घेतला.

अलका: का?

उल्हास: मी पारोसा आहे.

अलका: काय?

उल्हास: अंघोळ नाही झालीय माझी. आई सोवळ्यात आहे.

अलका: तुम्ही शुद्धीवर आहात का?

उल्हास: आहे गं. मलाच कळत नाहीये. हात आपोआप मागं येतो. लहानपणी चुकून शिवलो तर ती पुन्हा न्हायची, थंडीतसुद्धा. तू प्लग काढ, म्हणजे प्रश्नच मिटेल.

अलका: मखरापाशीच आहे मी. हात पोचत नाहीये. बोर्ड मूर्तीच्या बरोबर मागं आहे.

उल्हास: बाजूनं घाल हात.

अलका: बाजूला तुमचं थर्मोकोल आहे. वायर ओढली तर सगळं मखर मूर्तीवर येईल. मूर्ती पुढं सरकवावी लागेल.

उल्हास: सरकवायची?

अलका: दुसरा मार्ग नाही.

उल्हास: काल प्राणप्रतिष्ठा झालीय, अलका. जागेवरून हलली की विसर्जन झालं म्हणायचं.

अलका: ते मलाही ठाऊक आहे. म्हणून तर विचारतेय.

उल्हास: आपला पाच दिवसांचा गणपती. इतक्या वर्षांत एकदाही... थांब. मला जरा विचार करू दे.

अलका: कसला विचार, अहो? किती वेळ?

उल्हास: दुसरं काही करता येतं का, बघू. काठीनं प्लग...

द्वारकाबाई: हलव.

अलका: आई?

द्वारकाबाई: हलव मूर्ती. त्याला काय विचारत बसलीस? आणि उल्हास, हात दे.

उल्हास: आई, माझी अंघोळ...

द्वारकाबाई: दिसतंय मला. दे हात.

अलका: सरकवली! थांबा... दोन प्लग आहेत. कुठला तुमचा कळत नाही. दोन्ही काढते. काढले! अहो, ऐकलंत? काढले!

उल्हास: ऐकलं. दोन्ही नक्की बाहेर आहेत ना?

अलका: दोन्ही माझ्या हातात आहेत. एकाची वायर हिरवी आहे.

उल्हास: मग उतरतो. धरलंय मी आईला. आई, माझ्यावर भार टाक. सगळा टाक.

द्वारकाबाई: अरे, किती घट्ट धरतोस? बांगडी रुतली.

अलका: मी आतून वायर ओढते. टोक कुठं हलतं ते बघा.

उल्हास: ओढ. हळू. अजून. अजून... थांब.

अलका: दिसलं?

उल्हास: दिसलं.

अलका: कुठं होतं?

उल्हास: दूर्वांत. आई हात टेकणार होती तिथं. वीतभर इकडं.

अलका: बाई गं.

द्वारकाबाई: असू दे आता. गुंडाळून टाक ती. आणि पुढच्या वेळी लग्नातल्या मांडवासारखी भडक आण. शोभली नाही तरी चालेल.

उल्हास: पुढच्या वेळी विष्णूला बोलावतो.

अलका: आणि तो बोर्ड?

उल्हास: त्याला सेफ्टी स्विच बसवून घेतो. आजच.

अलका: पडेल हं सारखा.

उल्हास: पडू दे.

द्वारकाबाई: अलका, माझ्या चपला आण.

अलका: चपला? आत येताय ना तुम्ही?

द्वारकाबाई: दूर्वा राहिल्यात. मौन मोडलं, सोवळं मोडलं, मूर्ती हलली. आता उत्तरपूजा तरी नीट नको का करायला? आणि त्या तबकातली फुलं उन्हात सुकतील, ती आत ने.

अलका: चपला घालून दूर्वा खुडणार?

द्वारकाबाई: आण तू.

उल्हास: आई, माझ्यामुळं पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा झाला.

द्वारकाबाई: गुहागरला आपला दीड दिवसाचाच असायचा. इकडं आल्यावर तुझ्या वडिलांनी पाच दिवस धरले. ऑफिसातली माणसं रविवारी दर्शनाला यावीत म्हणून. देवानं कुठं मागितले होते?

उल्हास: हे तू कधी सांगितलं नाहीस.

द्वारकाबाई: कधी विचारलंस? आता सोड हात, दुखायला लागला.

उल्हास: हो. सोडतो. नीट उभी आहेस ना?

द्वारकाबाई: आहे. तू आंघोळीला जा. अंगभर पाला आहे तुझ्या.

अलका: ह्या घ्या चपला. आई, मखराच्या दिव्यांचं काय करू? मेन चालू करून हॉलमधल्या दुसऱ्या प्लगला लावू का? तेवढ्यापुरते. पडदे ओढलेत, बाप्पा अगदी अंधारात बसलाय.

द्वारकाबाई: अंधारात कुठला? नीट बघ. समई मी पहाटेच लावलीय.