उष्टं: शून्य

मंजू : ...आणि घर मातीचं, वर पत्रे. स्वयंपाक चुलीवर, धूर निघायला जागा नाही. उंदरांचा त्रास, हो. बरोबर ना अक्का?

पुष्पाबाई : उंदीर व्हतात. त्या सालले बियाणाच्या भुईमुगाच्या शेंगांची कणगी निम्मी करी टाकी त्यास्नी. पिंजरा लावा मी. एक बी सापडना नही.

मंजू : चोवीस वर्षं झाली, अजून राग गेला नाही होय उंदरांवरचा?

पुष्पाबाई : राग बठ्ठास्वर राहस मना, सगळ्यांवर. तू ते जुनं काबर वाचस मंजूताई? पोरले आठवा महिना शे. तिचं वजन कर, ताट मोज, चहा पी, पाचोऱ्याची बस धर. दर खेपले तेच करस ना?

मंजू : या खेपेला काम वाढलंय. दिपमाला आईच्या पोटात होती तेव्हा मी सारिकावहिनींच्या ताटाचं वजन केलं होतं. आता दिपमाला स्वतः बाळंतपणाला माहेरी आलीय. जळगावच्या संशोधन केंद्रातले डॉक्टर म्हणतात, माय-लेकीचे दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावा. पोटात असताना काय मिळालं, काय नाही, त्याचं मोठेपणी काय झालं, ते बघायचंय त्यांना. म्हणून जुना तक्ता घरच्यांना वाचून दाखवायचा. खरा असेल तर खाली सही.

पुष्पाबाई : सही कोणाची? मनी?

मंजू : वहिनींची. ताट त्यांचं होतं.

पुष्पाबाई : ती कुठे शे आते?

मंजू : आत. लेकीचं डोकं विंचरून देतेय. मग ताट वाढून आणते म्हणाली.

पुष्पाबाई : मग इकडे ये. गोठाकडे चाल. आणि हळू बोल.

(दोघी गोठ्यात जातात. घराच्या दारातून दोघींचं बोलणं ऐकू येणार नाही, एवढं अंतर.)

मंजू : अक्का, म्हशीला ऐकवायचंय का काही?

पुष्पाबाई : हसू नको व माय. वाच. ताटाचं वाच.

मंजू : "रात्रीचं ताट. दादर ज्वारीच्या भाकरी अडीच. उडदाची डाळ, मोठी वाटी. भात, एक मूद. वर तेल. उष्टं, शून्य."

पुष्पाबाई : किती वेळा लिखं तू असं?

मंजू : गरोदरपणात पाच वेळा आले होते. पाचही वेळा ताट भरलेलं. केंद्रात तेव्हा म्हणायचे, एक्केचाळीस नंबरच्या घराची सासू देवमाणूस आहे. बाकीच्या घरांत सुनेच्या ताटात दीड भाकरी असली तरी पुष्कळ.

पुष्पाबाई : देवमाणूस.

मंजू : काय झालं?

पुष्पाबाई : मागला महिन्यामा आम्ही जळगावले गऊत. तुनाच त्या केंद्रावर. पोरनं रक्त काढं. चोवीस वरीसनी पोर, अंगानं काडी, आणि साखर मन्ह्यासारख्या म्हातारीले राहस तेवढी. डॉक्टरीण बाईनं तुना हाच कागद देखा. म्हणे, आईनं तर भरपूर खायेल शे. तरी पोर जन्मली पावणेदोन किलोची. म्हणजे खाण्याचा दोष नही. हे आईच्या अंगातूनच उतरेल शे.

मंजू : हो. तसंच लिहिलंय त्यांनी.

पुष्पाबाई : सारिकानं मान खाली घाली. एक शब्द बोलनी नही. आणि मी तिच्या बाजूले बाकावर बसेल. मन्ह्या हातमा केळं व्हतं, अर्धं सोलेल. ते मी खाई लिधं, मंजूताई. हाताले, तोंडाले काही तरी काम पाहिजे ना.

मंजू : अक्का, ताट खोटं होतं का?

पुष्पाबाई : ताट खरं व्हतं. भाकरी अडीचच व्हत्यात. तू वजन करे, लिखे, पिशवी उचले, आणि बसकडे पळे. तुनी पाठ फिरनी का मी दीड भाकर परत टोपलीमा ठेऊ. डाळ पातेल्यामा. भात म्हशीच्या घमेल्यामा. तू येणार ते पाच दिवस तसं. बाकीच्या दिवशी तर ताट वाढू तेच रिकामं.

मंजू : का?

पुष्पाबाई : मनी पहिली पोर तुले ठाऊक नही. सारिकाच्या नवऱ्याच्या, अभिमनच्या आधीची. तीन दिवस अडेल व्हती. मरेलच निघनी. सुईण म्हणे, पोटभर खाधं तू, पोर मोठी झाली, वाट पुरनी नही. मी एकोणीस वरीसनी. ते वाक्य कानमा बसनं ते बसनंच. सारिका पिंपळनेरहून आली ती बी एवढीशी, कंबर वितभर. मी म्हटलं, हिचं पोर बारीक राहू दे. सुटसुटीत होऊ दे.

मंजू : मग तुम्ही भीतीनं केलंत.

पुष्पाबाई : तसं लिखू नको! तसं लिखशी तर ते बी खोटंच. पहिला महिना भीती व्हती. मग सवय लागनी. मग... कसं सांगू? ती मागत नव्हती. एकदा तरी म्हणावं, आत्याबाई, भूक लागनी. म्हणती तर देती मी. ती म्हणत नव्हती म्हणून मले राग येत व्हता. भुकेल्या माणसाचा राग, मंजूताई. एवढी नीच बाई तू देखेल शे का?

डाळ दळाले बसे ती. जात्यावर म्हणे. एक ओवी अजून मन्ह्या कानमा शे.

"जात्याला घालते घास मुठीमुठीनं भरून
माझ्या बाळाचा गं घास कुणी ठेवला चोरून?"

मी ओट्यावर कापूस निवडत व्हतू. ऐकं. आणि मोठ्यानं म्हटलं, चांगला शे व तुना गळा.

मंजू : अक्का, पाणी आणू?

पुष्पाबाई : पाणी नको. लिख. तुले फसाडं मी, ते बी लिख. शिकेल-सवरेल बाई, जळगावचा काटा घेईन येस, आणि एक खेड्यानी म्हातारी तुले पाच वेळा फसाडस.

मंजू : तुम्ही मला फसवलं नाही.

पुष्पाबाई : आते समजूत घालू नको.

मंजू : समजूत नाही घालत. हा खालचा रकाना बघा. "उष्टं." नियम काय होता, सांगते. आधी भरलेलं ताट मोजायचं. मग समोर बसायचं, बाई जेवेपर्यंत. मग उरलेलं मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की पोटात गेलं ते कळतं. बाई जेवतेय तोवर उठायचं नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात दहा वेळा सांगितलं होतं.

पुष्पाबाई : तू तर बसत नव्हती.

मंजू : नाही बसले. चातुर्मास होता. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळला की तोंडात घास नाही, पाणीसुद्धा नाही. तुमच्याकडे ताट वाढलं जायचं दिवे लागल्यावर. ते मोजून मी पाचोऱ्याला पोचणार कधी, जेवणार कधी? मग मी तुम्हाला म्हटलं, अक्का, वहिनींचं ताट पाचलाच वाढा. आठवतं?

पुष्पाबाई : आठवस. म्हैस बी दुही जाये नही तोपर्यंत.

मंजू : पाचला ताट मोजायचं, सव्वापाचची बस. उष्टं मोजायला थांबतंय कोण? बसमध्ये पेन काढून लिहायची. शून्य. वहिनी जेवल्या का, किती जेवल्या, मला काय ठाऊक? मी घरी जाऊन गरम खिचडी खायची, वर तूप. सासूबाई म्हणायच्या, आमची मंजू नोकरी करते पण व्रत मोडत नाही. सगळ्या पाचोऱ्यात कौतुक. आणि तिकडे शून्य लिहून आलेली मी.

पुष्पाबाई : एकाच घरमा?

मंजू : एकोणीस घरं. त्या चार महिन्यांत एकोणीस गरोदर बायका. डॉक्टर आजही त्या आकड्यांवरून बोलतात. गेल्या महिन्यात मोठ्या बैठकीत तुमच्या घराचा तक्ता पडद्यावर लावला होता. ह्या आईचं ताट बघा म्हणाले, तरी मूल असं का? सगळे विचार करायला लागले. मी मागच्या खुर्चीत बसले होते, वही मांडीवर घेऊन. माझंच अक्षर होतं पडद्यावर, एवढं मोठं. शून्याला मी आतून एक रेघ मारते ना, ती सुद्धा दिसत होती.

पुष्पाबाई : बोलनी नही तू?

मंजू : तुम्ही केळं खाल्लंत ना? मी टाळी वाजवली. शेवटी सगळे वाजवतात तेव्हा.

पुष्पाबाई : मग ऐक. दोन्ही गप्प बसू. तू म्हातारी व्हयनी, मी तर स्मशानाच्या वाटेवर. कोणाले समजस?

मंजू : मीही महिनाभर हेच म्हणत होते स्वतःला. तुम्हीच मला गोठ्यात आणलंत अक्का. कशाला आणलंत?

पुष्पाबाई : काल संध्याकाळले पोर जेवाले बसनी. दिपमाला. दीड भाकर वाढेल व्हती सारिकानं. पोरनं एक उचली आणि परत टोपलीमा ठेवी. मी म्हटलं, काबर व? म्हणे, आजी, बाळ फार मोठं झालं तर त्रास होतो ना? थोडं कमीच खाते. मंजूताई, कोणीच सांगेल नही तिले. मी तर नहीच. तरी तो हात... तसाच टोपलीकडे गया. मन्हा हात.

मंजू : साखर आहे म्हणून मापात खायला सांगितलंय तिला. उपाशी राहायला नाही. काय, किती, ते केंद्रातल्या डॉक्टर मॅडमकडून लिहूनच आणते मी.

पुष्पाबाई : ते तू तिले सांग. मन्ह्या तोंडून कोणतं बी जेवणाचं सांगणं शोभस का?

सारिका : मंजूताई! ताट घेऊन उभी आहे मी. गोठ्यात काय करताय दोघी? म्हशीचंही वजन करायचंय का?

मंजू : वहिनी, या इकडे. ताट ठेवा त्या खाटेवर. मला एक सांगायचंय.

पुष्पाबाई : तू नही. मी सांगस. सारिका, ह्या कागदवर लिखेल शे, दिपूच्या वेळी तू अडीच भाकरी खाये. ते खोटं शे. तुना घास मी काढी लेऊ. जळगावले ती बाई तुले बोलनी, तो दोष मना व्हता. मी बाजूले बसेल, आणि मी बोलनू नही. आते बोल तू. काय बोलायचं ते बोल.

सारिका : मला काय नवीन सांगताय आत्याबाई? ताट माझ्याच पुढं होतं ना.

पुष्पाबाई : मग तिथे काबर बोलनी नही? मान काबर घाली खाली?

सारिका : त्याचं कारण वेगळं होतं.

मंजू : कसलं कारण वहिनी?

सारिका : नको ताई. तक्ता आहे तिथं. लिहाल.

मंजू : पेन बंद केलं. हे बघा.

सारिका : उंदीर नव्हते.

पुष्पाबाई : काय?

सारिका : बियाणाच्या कणगीत. उंदीर नव्हते आत्याबाई. मी होते. दुपारी तुम्ही ओट्यावर कापूस निवडायला बसायच्या, तेव्हा मी शेंगा काढायची. पदरात घेऊन न्हाणीत जायची. टरफलं चुलीत. तुम्ही पिंजरा आणलात, त्यात भाकरीचा तुकडा लावलात... तो पण मीच खाल्ला.

पुष्पाबाई : अरे माय व...

सारिका : पेरणीचं बियाणं होतं ते. मामंजींनी निवडून ठेवलेलं. त्या साली पेरणीला ते कमी पडलं, मामंजी म्हणाले उंदरांनी घात केला. मी भाकरी थापत होते, पुढची भाकरी जळली माझी. मग दिपू झाली, एवढीशी, टरफलासारखी. मला वाटलं, चोरीचं अन्न हिच्या अंगी लागलं नाही. चोवीस वर्षं तेच वाटतंय. आणि त्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हे तुमच्याकडूनच आलंय. मला वाटलं, यांना रक्तात दिसलं की काय.

मंजू : वहिनी.

सारिका : म्हणून मान खाली घातली. दुसरं काही नाही.

मंजू : वहिनी, मी डॉक्टर नाही, मी ताटं मोजणारी बाई आहे, तीही खोटी. माझं मी त्यांना लिहून देणार आहे, एकोणीसही घरांचं. ठेवतील तर ठेवतील कामावर. पण केंद्रात एवढं ऐकलंय मी. अंग कशानं बिघडलं एवढंच ते शोधत नाहीत. एवढं बिघडूनही कशानं सावरलं, तेही शोधतात. पडझड आणि डागडुजी, दोन्ही. दिपमाला पावणेदोन किलोची जन्मली. त्या शेंगा पोटात गेल्या नसत्या तर किती किलोची असती, जन्मली तरी असती का, मी नाही सांगू शकत. पण ते ह्या तक्त्यात असायला हवं. उंदीर खोडू दे मला.

सारिका : चोरी लिहिणार?

मंजू : शेंगा लिहिणार. रोज किती?

सारिका : मोजून कोण चोरतं ताई? मूठभर.

मंजू : कधीपासून?

सारिका : पाचव्या महिन्यापासून. बाळ हलायला लागलं तेव्हापासून. ते हललं की भूक लागायची.

मंजू : मूठ म्हणजे किती? काटा आहे माझ्याकडे.

सारिका : आता कुठून आणू ती मूठ?

पुष्पाबाई : थांब. मी आणस.

मंजू : अक्का, हळू! पायरी आहे. वहिनी, बघा त्यांच्याकडे, पडतील.

सारिका : नाही पडत. त्या वाटेनं डोळे मिटून जातील त्या. कणगी गेली, आता पत्र्याचा डबा आहे, पण जागा तीच.

पुष्पाबाई : हा घे. यंदाच्या शेंगा, बियाणाच्याच. झाकण काढ मंजूताई. ठेव तो काटा. सारिका, भर मूठ.

सारिका : वाटीनं घेते.

मंजू : वाटी नको वहिनी. तेव्हा वाटी नव्हती.

सारिका : हात जात नाही हो. ह्या समोर उभ्या असल्या की हात जात नाही माझा.

पुष्पाबाई : भर माय. मी तिकडे तोंड करस.