तिच्यासारखं चाला

मांजरसुंब्याचा फाटा. पंक्चरवाल्याचा रेडिओ. शेवभाजीचा वास. बीडची गाडी अजून यायचीय. माझ्या मागच्या बाकावर सासू आणि सून.

"तुमचं काम केलं म्हनून त्या नटीला बक्षीस भेटलं, आत्या. टीव्हीवर नाव घेतलं तिनं, साखराबाई म्हनून."

"घेऊ दे. पर पिक्चरमधी ती लंगडली कावून?"

"तुमी लंगडता."

"मी न्हाई लंगडत."

"आत्या."

"लंगड्या बाईला मुकादम ऊसतोडीच्या टोळीत घेत न्हाई, योगिता. जोडीनंच घेतो, बाई ऱ्हायली की नवरा बी घरीच. म्हनून नीट चालत आले मी."

"मुकादमाम्होरं."

"त्यानं पाह्यला असंल का पिक्चर?"

"म्होरंच बसला व्हता. रडला."

"मेला."

"आता लपवायचं काय ऱ्हायलं? डॉक्टर गुडघा बघतील, त्यास्नी खरं सांगा."

"मला न्हाई सांगता यायचं. चालून दाखवते."

"दाखवा. पर मुकादमाम्होरं चालता तसं नगं."

"मग कसं?"

"तिच्यासारखं."

गाडी आली. सुनेनं हात पुढं केला, सासूनं तो धरला.

पेपरात वाचलेलं मला आठवलं: शूटिंगच्या आधी ती नटी उसाच्या फडात राहिली होती आणि रोज डोक्यावर मोळी घेऊन साखराबाईंच्या मागून चालत होती.