बरणीपलीकडचा डोंगर

आखाती देशातल्या रुवीत टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे दोघे मराठी इंजिनिअर उभे होते.

"देवानंद, तुझ्या घरच्या बिअरचं काय झालं?"

"हळू बोल! मलमलच्या फडक्यातून गाळली, कॉफीच्या फिल्टरमधून गाळली, तरी गढूळच. बायको म्हणाली, आधी मोरीत ओता."

"मग?"

"गावी आई नदीच्या पाण्यात तुरटी फिरवायची ना, तशी फिरवली. सकाळी बघतो तर काय अश्विन, बरणीतून पलीकडचा अख्खा डोंगर दिसत होता! सोनेरी!"

"आणि चव?"

"दाढीनंतर गालाला तुरटी लावतो ना? तेच, जिभेवर."

"अरेरे. मग ओतलीस?"

"आता बायकोच ओतू देत नाही. खिडकीत ठेवलीय. ऊन आलं, की हाक मारते, अहो, लवकर या."